एक नाव, किती माणसे?

भारताने १९७९ आणि १९८१ साली ‘भास्कर’ नावाचे दोन उपग्रह सोडले, भास्कर-१ आणि भास्कर-२. गणिताच्या इतिहासात हेच आकडे दोन माणसांच्या नावांपुढे लागतात. पहिला भास्कर सातव्या शतकातला. ‘आर्यभटीया’वरचे त्याचे भाष्य इ. स. ६२९ चे. दुसरा म्हणजे शाळेपासून आपल्या ओळखीचा भास्कराचार्य, ‘लीलावती’चा कर्ता, जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. दोघांमध्ये जवळजवळ पाच शतकांचे अंतर. त्यांच्यापैकी एकानेही स्वतःला पहिला किंवा दुसरा म्हटले नव्हते. जो तो आपल्या काळात फक्त भास्कर होता. आकडे लावले ते फार पुढच्या अभ्यासकांनी, पोथ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर. एका नावाखाली किती माणसे उभी आहेत हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न वरवर कोशकारांचा वाटतो. पण ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या बाबतीत तोच प्रश्न मराठी मनाच्या फार जवळ येऊन थांबतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी नीट बोलला गेला पाहिजे. एक बाजू परंपरेची : ती मी गाथा मुखोद्गत असलेल्या एका कीर्तनकाराच्या तोंडी घालतो, त्यांना बुवा म्हणू. दुसरी बाजू पोथ्या तपासणाऱ्या संशोधकाची : ते सर. हे दोघे कल्पनेतले आहेत, त्यांच्या हातातला पुरावा मात्र खरा आहे. माझे मत मी मधूनमधून सांगणार आहे.

बुवा : सर, तुमच्या शास्त्राची एक सवय मला खटकते. नाव एक दिसलं की तुम्ही आधी शंका घेता. शेकडो वर्षं ज्यांनी एखाद्या पुरुषाची पुण्यतिथी पाळली, त्याचे अभंग पाठ केले, लेकरांना शिकवले, त्यांची आठवण तुम्हाला पुरावा वाटत नाही. आणि पोथीतली दोन क्रियापदं जुळली नाहीत की तेवढ्यावर तुम्ही एका माणसाचे दोन करता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लिहून ज्ञानदेवांचे दोन केले. ज्ञानेश्वरी सांगणारे एक, अभंग रचणारे दुसरे. ज्यांनी हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी एकाच वाणीची म्हणून जन्मभर वाचली, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? परंपरा चुकू शकते, मी नाही म्हणत नाही. पण परंपरा सांभाळणाऱ्याला आपला माणूस ओळखताच येत नाही, असं धरून चालणं कुठल्या पुराव्यात बसतं? उलट सिद्ध होईपर्यंत एक नाव म्हणजे एक माणूस, हीच रीत सरळ आहे.

सर : बुवा, परंपरेला मी खोटं म्हणत नाही. ती काय जपते आणि काय जपत नाही, एवढंच पाहतो. ती थोरवी जपते, शिकवण जपते. कालक्रम जपायचं तिला कारणच नसतं. थोर पुरुषाच्या नावाकडे त्याच नावाच्या इतरांचं काम ओढलं जातं. अकराव्या शतकात भोजराजाने योगसूत्रांवर टीका लिहिली, तेव्हा व्याकरण, योग आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांचं श्रेय त्याने एकाच पतंजलीला दिलं. व्याकरणावरच्या महाभाष्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मानतात, आणि योगसूत्रं त्याच्या काही शतकं नंतरची, हे आज बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. आता भास्करांकडे या. ‘महाभास्करीया’त पहिल्या भास्कराने कोनाची ज्या (साइन) सारणी न पाहता काढायची रीत दिली आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर अंश घ्या, ते १८० मधून वजा करा आणि उरलेल्याने अंशांना गुणा. या गुणाकाराची चौपट करा आणि तिला ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून उरलेल्या संख्येने भागा. ३० अंशांना गुणाकार येतो ४५००. त्याची चौपट १८०००, भाजक ३६०००, उत्तर नेमकं अर्धं. ४५ अंशांनाही उत्तरातला फरक तिसऱ्या दशांश स्थळाच्या आसपासच राहतो. याच जातीची रीत बाराव्या शतकात ‘लीलावती’त वर्तुळाच्या जीवेसाठी येते. दोन्ही भास्कर एकच मानले तर ही एका बुद्धिमान माणसाची एक करामत ठरते. वेगळे मानले तर दिसतं की एक रीत पाचशे वर्षं हातोहात गेली, तपासली गेली, नव्या रूपात मांडली गेली. दोघांना एक करून तुम्ही भास्कराचार्यांना मोठं करत नाही. त्यांच्यामागे उभी असलेली पाच शतकांची शाळा पुसता.

सरांचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. नावे वेगळी काढण्याने कुणाचा तरी मोठेपणा घटतो, अशी भीती वादाच्या मुळाशी असते. प्रत्यक्षात एकाच माणसावर सगळे काम लादले की त्याच्या आधीचे आणि नंतरचे लोक नाहीसे होतात, आणि विद्या हातातून हातात न जाता आकाशातून पडल्यासारखी दिसू लागते. शिवाय एक नाव म्हणजे एक माणूस हे गृहीतक आपल्या नाव ठेवण्याच्या रीतीपुढेही टिकत नाही. आजोबांचे नाव नातवाला देणारा हा समाज. थोरल्या बाजीरावांच्या नातवाचे नाव बाजीराव, बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचे बाळाजी. पेशव्यांच्या घरात घोटाळा होत नाही, कारण ‘थोरले’, ‘दुसरे’, ‘सवाई’ ही विशेषणे लोकांनी जोडून ठेवली. विद्वानांच्या नावांना तशी विशेषणे चिकटली नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. तिच्यातल्या वंशावळीत भास्कराचार्यांच्या काही पिढ्या आधी त्याच घराण्यात आणखी एक भास्करभट्ट आहे, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. म्हणजे एकाच कुळात, एकाच दगडावर दोन भास्कर. ‘शिशुपालवध’ लिहिणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर आणखी निराळे. आणि तो नातू चांगदेव म्हणजे ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्या लिहिल्या ते योगी चांगदेव नव्हेत. दोन-अडीच शतकांच्या अवधीत, महाराष्ट्राच्या एवढ्याशा पट्ट्यात इतकी सरमिसळ. जुन्यांनाही याची जाणीव होती. राजशेखराने तीन कालिदासांचा उल्लेख केला आहे, आणि तो उल्लेख असलेला श्लोक जल्हणाच्या ‘सूक्तिमुक्तावली’मुळे आपल्यापर्यंत आला. हा जल्हण देवगिरीच्या यादवांच्या पदरचा.

बुवा : हे सगळं मान्य करतो. पण यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष अर्धाच आहे. नावं अनेकांना असतात, म्हणून दोन माणसं मानणं अधिक सुरक्षित, असं होत नाही. एकाचे दोन करणारेही चुकतात आणि त्यांची चूक जास्त टिकते, कारण ती विद्वानाची असते. अल्बेरुनी घ्या. इ. स. १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यात आर्यभट दोन सांगितले, एक थोरला आणि एक कुसुमपूरचा. त्याच्यासारखा कसून चौकशी करणारा माणूस, पण ती विभागणी चुकली. दोन्ही वर्णनं एकाच आर्यभटाची होती, त्याची, ज्याने वयाच्या तेविसाव्या वर्षाचा हिशोब देऊन आपला काळ स्वतः सांगून ठेवला. ‘आर्यभटीया’तच कुसुमपुराचं नाव आहे. मग अल्बेरुनीने केलेला दुसरा आर्यभट नऊशे वर्षं इतिहासात कसा वावरला?

सर : तो वावरला, कारण अल्बेरुनीच्या हाती मूळ पोथी नव्हती. तो स्वतःच लिहितो की आर्यभटाचे ग्रंथ आपल्याला मिळाले नाहीत, ब्रह्मगुप्त वगैरेंनी दिलेल्या उताऱ्यांवरच आपलं ज्ञान आहे. वेगवेगळ्या उताऱ्यांमधला माणूस सारखा दिसला नाही, म्हणून त्याने दोन कल्पिले. ही चूक दोन मानण्याच्या वृत्तीची नाही, अपुऱ्या साधनांची आहे. पण तुमचा आक्षेप मी टाळणार नाही. एकाचे दोन करणाऱ्यावरही सिद्ध करण्याची जबाबदारी तितकीच असते. आणि ऐका, दुसरा आर्यभट खरोखरच होऊन गेला, फक्त अल्बेरुनीने सांगितला तो नव्हे. ‘महासिद्धांत’ लिहिणारा आर्यभट वेगळा आहे, हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त मराठीत दाखवलं आणि त्याचा काळ शके ८७५ च्या सुमाराचा ठरवला. एक साधी खूण पाहा. ‘आर्यभटीया’त संख्या लिहिण्यासाठी अक्षरांची एक पद्धत आहे, ‘महासिद्धांता’त कटपयादीच्या वळणाची अगदी दुसरी. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये आर्यभटावर जे आक्षेप घेतले, ते पहिल्या ग्रंथाला लागू पडतात, दुसऱ्याला नाही. नाव बाजूला ठेवून या खुणा पाहिल्या तरी माणसं दोनच निघतात.

‘नाव बाजूला ठेवून’ हे सरांचे शब्द मी उचलून धरतो, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. बंगालचे विभूतिभूषण दत्त यांनी १९२६ साली लेख लिहून अल्बेरुनीचे दोन आर्यभट एकच असल्याचे दाखवले. त्याच दत्तांनी १९३० साली दुसरा लेख लिहून भास्कर दोन असल्याचे मांडले. चार वर्षांत एकाच अभ्यासकाने एकदा दोघांचा एक केला आणि एकदा एकाचे दोन. त्यांना जोडण्याचाही सोस नव्हता आणि तोडण्याचाही. नामसादृश्य त्यांनी पुराव्यातून पूर्णपणे वगळले आणि कोणत्या ग्रंथाला कोणता ग्रंथ ठाऊक आहे, कोण कुणाला उद्धृत करतो, कुणाच्या मोजणीचा आरंभ कुठल्या वर्षाचा, हे पाहिले. बुवांची ‘उलट सिद्ध होईपर्यंत एक’ ही रीत आणि तिच्या उलट ‘शंका असेल तर दोन’ ही रीत, या दोन्हींत एक दोष समान आहे : दोन्ही नावालाच पहिला साक्षीदार मानतात, एक त्याच्या बाजूने आणि दुसरी त्याच्या विरुद्ध. माझे म्हणणे असे की नावाची साक्ष घेऊच नये. नाव फक्त कोणती कागदपत्रे शेजारी ठेवायची ते सांगते. तिथून पुढे माणसांची संख्या एक निघो, दोन निघो की तीन, ती कागदांनी ठरवायची. (हेच दत्त पुढे संन्यास घेऊन स्वामी विद्यारण्य झाले. चौदाव्या शतकात शृंगेरीच्या पीठावर असलेल्या विद्यारण्यांचे हे नाव. उद्याच्या ग्रंथसूचीकाराला त्यांच्याही नावापुढे शतक लिहावे लागेल.)

बुवा : मग हीच कसोटी ज्ञानदेवांना लावा. भारद्वाजांचा मुख्य आधार भाषेचा. ज्ञानेश्वरीची मराठी जुनी, अभंगांची नवी, म्हणून कर्ते दोन. पण ज्ञानेश्वरी ग्रंथ होता, तो पोथीत राहिला. अभंग तोंडात राहिला. दिंडीत, कीर्तनात, जात्यावर जो शब्द रोज फिरतो त्याची रूपं पिढीगणिक नवी होतात. अहो, पोथीत राहिलेली ज्ञानेश्वरीसुद्धा इतकी बदलली की शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांना ती शुद्ध करावी लागली. शके १२१२ चा ग्रंथ, तीनशे वर्षांत पाठ बिघडले. मग अभंगांचं काय झालं असेल? भाषा नवी दिसते यावरून गाणारे नंतरचे होते एवढंच कळतं, रचणारा नंतरचा होता हे कळत नाही.

सर : यावर माझ्याकडे उत्तर नाही, बुवा. गणिताच्या ग्रंथात भाषेचा पुरावा चालतो, कारण तिथे अक्षर हललं तर आकडा चुकतो आणि आकडा चुकला तर कुणाच्या तरी लक्षात येतं. गायल्या जाणाऱ्या रचनेत तो चालत नाही. दुसरा आक्षेपही तुमच्याच बाजूने सोडवावा लागेल. ज्ञानेश्वरीत पंढरीचा विठ्ठल नाही आणि अभंगांत तो पानोपानी आहे, असं म्हणतात. पण गीतेवरच्या टीकेत कृष्णार्जुनांचा संवाद चालू असताना विठ्ठल यावा ही अपेक्षाच वेगळी आहे. ग्रंथाचा विषय पाहिल्याशिवाय कर्त्याच्या भक्तीचा हिशोब करता येत नाही. आणि एकनाथांच्या नावावरच्या अभंगात ज्ञानदेव स्वप्नात येऊन आळंदीला बोलावतात, ती आठवण या ग्रंथशुद्धीशी जोडलेली आहे. म्हणजे आळंदीचे समाधिस्थ ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वरीचे कर्ते एक, ही समजूत निदान तेवढी जुनी धरता येते. तरीही एक अडचण उरते. ज्ञानदेवांचं चरित्र, त्यांची तीर्थयात्रा, शके १२१८ ची समाधी, त्यांचं विठ्ठलप्रेम हे सगळं सविस्तर कुठे येतं? नामदेवांच्या अभंगांत. आता सांगा, कोणत्या नामदेवांच्या?

इथे बुवा थोडे थांबतील, आणि त्यांनी थांबावे. ज्ञानदेवांचे एकत्व ज्या साक्षीवर उभे आहे, तो साक्षीदारच एक नाही. ज्ञानदेवांचे समकालीन नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. विष्णुदास नामा एकनाथांच्या काळाच्या आसपासचा, ओवीबद्ध महाभारत रचणारा कवी. छापील गाथांत दोघांची रचना एकमेकींत मिसळली आहे, कारण दोघांच्याही शेवटच्या चरणात ‘नामा’ आहे. ‘विष्णुदास’ ही खूणही पुरत नाही, कारण कुणीही वैष्णव, थोरले नामदेवसुद्धा, स्वतःला विष्णूचा दास म्हणू शकतात. गणितज्ञांच्या बाबतीत दोन ग्रंथ होते आणि प्रश्न होता कर्ते किती एवढाच. इथे एकच ढीग आहे, आणि त्यातला प्रत्येक अभंग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

बुवा : सर, नाममुद्रा म्हणजे कागदावरची सही नव्हे. नाम्याच्या मेळ्यातला कुणी नंतरचा भक्त ‘नामा म्हणे’ असं म्हणून थांबतो, तेव्हा तो चोरी करत नाही की तोतयेगिरी करत नाही. आपल्याला जे स्फुरलं ते नामदेवांचंच, अशी त्याची श्रद्धा असते. तुम्ही कर्ता शोधता, आम्ही परंपरा गातो. तिथे ‘किती माणसं’ हा प्रश्नच गैरलागू आहे.

बुवांचे हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि जे खरे आहे ते फार मोलाचे आहे. मुद्रेचा अर्थ पंथात वेगळा आहे, हे न ओळखता केलेली चिरफाड निष्फळ ठरते. पण त्यातून प्रश्न गैरलागू होत नाही. नामदेवांनी ज्ञानदेवांची समाधी डोळ्यांनी पाहून सांगितली, असे म्हणताना आपण एका माणसाला साक्षीला बोलावतो, परंपरेला नाही. जो अभंग डोळ्यांदेखतची हकीकत म्हणून वापरायचा, तो तीनशे वर्षांनी रचला गेला की तेव्हाच, याने सगळा फरक पडतो. गाताना मुद्रा पुरेशी आहे. साक्ष काढताना ती पुरेशी नाही. आणि तपासणी पूर्णपणे अशक्यही नाही. १६०४ साली शिखांच्या पवित्र ग्रंथाचे संकलन झाले. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या काहींत बीठल, म्हणजे विठ्ठल, येतो. पंजाबात, मराठी गाथेच्या सरमिसळीपासून दूर, एका ठरलेल्या वर्षी बंद झालेले हे दप्तर आहे. त्याने समाधीचे अभंग सिद्ध होत नाहीत. पण विठ्ठलाला आळवणारा, उत्तरेत पोहोचलेला नामदेव सोळाव्या शतकाच्या अखेरीआधी पक्का होता, एवढे त्यातून निश्चित हाती लागते. बाकीच्यासाठी जुनी बाडे आहेत : कोणता अभंग कोणत्या सालाच्या बाडात पहिल्यांदा सापडतो, याची यादी. ते काम कंटाळवाणे आहे. पण दत्तांनी आणि दीक्षितांनी केले त्याच जातीचे ते काम आहे, आणि ते झाल्याशिवाय ‘दोन नामे’ म्हणणारा आणि ‘एकच नामा’ म्हणणारा दोघेही आपापल्या ओढीने बोलत राहतील.

बुवा : म्हणजे उद्या गाथेत तुम्ही ‘नामा-१ म्हणे’, ‘नामा-२ म्हणे’ असं छापणार?

सर : नाही. मुद्रेला हात लावायचा अधिकार मला नाही, तुम्ही जशी गाता तशीच ती छापली जाईल. प्रत्येक अभंगाखाली फक्त एवढं येईल की हा सगळ्यात आधी कोणत्या बाडात मिळाला आणि त्या बाडाचा शक कोणता. ज्याला कीर्तन करायचं तो ती ओळ वाचणार नाही. ज्याला इतिहास लिहायचा तो वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही.

बुवा : मग चालेल. पण एक करा, सर. आद्याक्षरांच्या क्रमाने जाऊ नका, तसं गेलात तर पन्नास वर्षं जातील. समाधीच्या प्रकरणापासून सुरुवात करा. नाम्याचे किती ते नंतर पाहू. आमचे ज्ञानोबा त्या प्रकरणाच्या आधारावर उभे आहेत, तेव्हा त्यातला कोणता अभंग किती जुना आहे ते आधी कळू द्या. आमच्या फडावरची जुनी बाडं मी तुमच्याकडे आणून देतो.